रकाना सातवा

ट्रॉम्सोला जानेवारीत सूर्य उगवत नाही कितीतरी दिवस.
आमच्या प्रयोगशाळेत सकाळ होते
ती डब्याचं झाकण काढल्यावर.
आज डब्यात एक खुबा आहे. डावा.
वाटी, गोळा, दांडा, आणि दांड्याला धरून राहिलेलं
थोडंसं हाड,
फॉर्मॅलिनमध्ये तीन आठवडे मुरलेलं.

चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता आकडा.
पण हा आकडा मीच दिला होता:
बोर्गहिल्ड, सेन्या बेटावरची,
चाळीस वर्षं ओल्या फरशीवर उभी राहून
कॉड माशांची डोकी उडवणारी.
मेल्यावर सांधा तपासायला द्यायच्या कागदावर
तिनं माझ्यासमोर सही केली, आणि म्हणाली,
"वाटी उसनीच होती, पोरी.
आमच्या बेटावर उसनी वाटी रिकामी परत देत नाहीत."
मी हसले होते. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं होतं.

तेवीस वर्षं
प्लास्टिकच्या वाटीत धातूचा गोळा फिरला.
वर्षाला केसाच्या जाडीइतकी झीज, असं आम्ही धरून चालतो.
मी मोजली: अडीच मिलिमीटर.
झिजलेलं कुठं जात नाही.
त्याचा भुगा आतच राहतो, डोळ्यांना न दिसणारा,
शरीराच्या पहारेकरी पेशी तो गिळतात,
त्यांना तो पचत नाही,
चिडतात,
आणि शेजारचं हाड विरघळवू लागतात.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
मी दांडा दोन बोटांत धरते.
किडलेल्या दाढेसारखा हलतो.

ही चालत कशी होती?

नोंदवहीत वय आहे, बाजू आहे,
सिमेंट कुठलं, सर्जन कोण.
सातवा रकाना: पुन्हा शस्त्रक्रिया. झाली, किंवा नाही.
नाही असेल तर सांधा टिकला, असं समजायचं.
बोर्गहिल्डपुढे लिहिलंय, नाही.
म्हणजे ती आमच्या यशात धरलेली आहे,
त्या संथ उतरणाऱ्या देखण्या रेषेत,
जी हाल्वार परिषदेत दाखवतो
लेझरचा लाल ठिपका किंचित थरथरवत.

हाल्वार वाईट माणूस नाही.
जंतू शिरले म्हणून एका सुताराचा सांधा त्यानं काढला,
सहा आठवडे त्या माणसाच्या खुब्यात काहीच नव्हतं,
आणि ते सहा आठवडे हाल्वार
रोज रात्री वॉर्डात जाऊन बसायचा, बोलायचा नाही.
त्याची नोंद आहे. सातव्या रकान्यात, झाली.
जे ओरडले ते सापडले.

तिची मुलगी टुरिड फोनवर म्हणाली,
आईची तक्रार कधीच नव्हती.
मग जरा थांबून:
जिन्यात उभी राहायची मधेच.
विचारलं तर म्हणायची, फोटो बघतेय.
जिन्यात एकच फोटो होता हो,
बाबांच्या बोटीचा. तोही धुरकटलेला.
किती वेळ बघणार?
मी म्हटलं, पायऱ्या किती होत्या?
चौदा, ती म्हणाली. का?
मला उत्तर सुचलं नाही.

शेऱ्याला चाळीस अक्षरांची जागा आहे.
सैल, असं लिहिते. खोडते.
वेदना, लिहिते. पण ती कुणी मोजली?
शेवटी लिहिते: जिन्यात थांबत असे.
हे कुठल्याच तक्त्यात जाणार नाही, मला माहीत आहे.
शेऱ्यांची बेरीज होत नाही.

बारा वाजता खिडकी तासभर निळी होते.
हाल्वार कॉफी घेऊन येतो,
वाटीकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो.
"काही सापडलं?"
तळाशी करडा थर बसलाय,
नखभर, ओल्या पिठासारखा.
मी वाटी त्याच्यापुढे सरकवते.
धुवायची राहिली आहे अजून.